सीझनच्या आधी, सिन्नर!

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर जायचं तर मेमध्येच, जुलै-ऑगस्टची झुंबड उडायच्या आत! हाच फंडा आपल्या सिन्नरलाही लागू पडतो, बॉस. श्रावणी सोमवार आणि पावसाळी वीकेंड सुरू होण्याआधी गोंदेश्वर गाठा. उंच जोत्यावर यादवकालीन पंचायतन. मध्ये महादेव, भोवती विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. गावातलं दगडी बेटच! नाशिकहून साधारण ३० किलोमीटर. फक्त सकाळी लवकर पोचा. दुपारी दगड अनवाणी पायांना चटके देतो. आणि एकटे जाऊ नका. ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत आई-बाबांची युरोप टूर दरवर्षी पुढे ढकलता ना? मग या रविवारी त्यांना इथे तरी न्या. त्यांचे गुडघे काही व्हिसाची वाट बघत थांबणार नाहीत!