नाव घेतले, जमीनही घेतली

अॅझ्टेकांची राजधानी १५२१ मध्ये पडली. १५३३ मध्ये सम्राट अताहुआल्पाला मारून स्पॅनिशांनी इन्कांचे कुस्को घेतले. त्यामुळे १५४१ मध्ये सांतियागो वसवणाऱ्या पेद्रो दे वाल्दिव्हियाला चिलीच्या दक्षिणेतल्या मापुचे या मूळ रहिवाशांचा मुलूखही सहज पदरात पडेल असे वाटले. त्याने कॉन्सेप्सिओन शहर वसवले, किल्ले बांधले आणि किलाकोया इथले सोने काढायला मापुचेंना वेठीला धरले.

पण मापुचेंना ना राजा होता, ना राजधानी. प्रत्येक वस्तीचा आपापला लोन्को, म्हणजे प्रमुख असे आणि लढाईपुरता सगळे मिळून एक तोकी, म्हणजे सेनापती निवडत. राजा पकडला की राज्य शरण येते, हा स्पॅनिशांचा अनुभव इथे कुचकामी ठरला.

लाउतारो हा अशाच एका लोन्कोचा मुलगा. पोरवयात तो स्पॅनिशांच्या हाती सापडला आणि वाल्दिव्हियाच्या घोड्यांची चाकरी करू लागला. तिथे त्याने काय टिपले, ते त्याच्या पुढच्या लढायांवरून कळते. घोडाही दमतो, दलदलीत रुततो, आणि घोड्यावरून ओढला गेलेला स्वार इतर माणसांसारखाच माणूस असतो. निसटून आपल्या लोकांत परतल्यावर त्याने हे ज्ञान कामाला लावले.

२५ डिसेंबर १५५३ रोजी वाल्दिव्हिया पन्नासेक स्पॅनिश स्वारांसह तुकापेलला पोहोचला, तेव्हा तिथला स्पॅनिश किल्ला जळून गेला होता. मापुचेंची एक तुकडी चालून आली, लढली आणि मागे हटली. लगेच ताज्या दमाची दुसरी आली, मग तिसरी. घोड्यांना उसंत अशी मिळालीच नाही. लांब भाले, गदा आणि स्वाराला खाली ओढणारे फास यांच्यापुढे कोणी टिकले नाही. वाल्दिव्हिया पकडला गेला आणि मारला गेला. तेव्हा लाउतारो जेमतेम विशीचा होता. दोनच महिन्यांनी मारिहुएन्यूच्या चढावर त्याने स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को दे व्हियाग्राची फौज मोडली आणि कॉन्सेप्सिओन ओस पडले. पुढे साथ आणि दुष्काळाने मापुचे खिळखिळे झाले. तरी लाउतारो सांतियागोच्या रोखाने निघाला आणि १५५७ मध्ये माताकितो नदीच्या काठी पहाटेच्या छाप्यात मारला गेला.

इतिहास बहुधा इथे थांबतो आणि वीराला हार घालतो. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण लाउतारोच्या मृत्यूने लढा संपला नाही. १५९८ मध्ये कुरालाबाला मापुचेंनी वाल्दिव्हियानंतर आणखी एक स्पॅनिश गव्हर्नर मारला, आणि पुढच्या काही वर्षांत बिओबिओ नदीच्या दक्षिणेकडची स्पॅनिश शहरे उद्ध्वस्त झाली. अखेर ६ जानेवारी १६४१ रोजी किलीनला तह झाला आणि स्पेनने बिओबिओ ही सीमा मानली. त्यानंतरही चकमकी झाल्या, पण सीमा टिकली. ज्या साम्राज्याने दोन बलाढ्य राज्ये बुडवली, त्याला एका राजाविहीन समाजाशी बरोबरीने बसून करार करावा लागला. लाउतारोची खरी कमाई हीच.

मग हा मुलूख घेतला कोणी? स्वतंत्र चिलीने. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या सान मार्तिन आणि ओहिगिन्स यांच्या गुप्त मंडळाचे नावच लाउतारो लॉज होते. १८२५ मध्ये तापिहुएच्या तहात नव्या प्रजासत्ताकाने बिओबिओची सीमा मान्यही केली. पण गव्हाला भाव आला, जमिनीवर डोळा गेला, आणि १८६१ पासून चिलीचे सैन्य दक्षिणेत घुसू लागले. १८८३ पर्यंत सारे आटोपले होते. या मोहिमेला सरकारने ‘शांतता प्रस्थापना’ म्हटले. पुढच्या काही दशकांत सुमारे तीन हजार सनदा देऊन मापुचेंच्या हाती ठेवलेली जमीन पाच लाख हेक्टरच्या आसपास होती, म्हणजे जुन्या मुलखाचा जेमतेम विसावा हिस्सा. हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत सामाईक जमिनींची वाटणी लादली गेली आणि सरकारी अनुदानावर पाइन व निलगिरीची लागवड फोफावली. २०१७ च्या जनगणनेत सतरा लाखांहून अधिक लोकांनी आपण मापुचे असल्याचे नोंदवले. त्यांच्यातले जमीन मागणारे लोक लोकशाहीच्या काळातही दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात गेले. अशा खटल्यांबद्दल २०१४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने चिलीला दोषी धरले.

पराभूत झालेल्याचे कौतुक करायला काही खर्च येत नाही. मापुचेंविरुद्ध लढलेल्या एर्सिया या स्पॅनिश सैनिकानेच त्यांच्या शौर्यावर महाकाव्य लिहिले. त्या काव्याने एक एकरही परत मिळाला नाही. चिलीत लाउतारोच्या नावाचे शहर आहे, त्याचे पुतळे आहेत. हा सन्मान खोटा नसेल, पण अपुरा नक्कीच आहे. लाउतारो स्मारकासाठी लढला नव्हता, मुलखासाठी लढला होता. त्याला आपला पूर्वज म्हणवणाऱ्या राष्ट्राने तापिहुएला स्वतः केलेली सही आधी पाळायला हवी. जमिनीचा प्रश्न पोलीस ठाण्यातून काढून वाटाघाटीच्या बैठकीत आणणे, ही त्याची पहिली पायरी.