‘एकच घ्या, लवकर माणसाळेल’

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या पेट शॉपमध्ये जाऊन गिनी पिगची चौकशी करा. काचेच्या पेटीत सात-आठ जण एकमेकांना चिकटून बसलेले दिसतील. एक घेऊ की दोन, असं विचारलंत तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘एकच घ्या, लवकर माणसाळेल. दोन घेतले की ते आपापसातच रमतात.’

यातला दुसरा भाग खरा आहे. दोन गिनी पिग खरंच एकमेकांत रमतात, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. त्याला दुसरं कुणी नसलं की तो झक मारत आपल्याकडे येईल, हा हिशोब आहे. त्याचा एकटेपणा हा आपल्या लाडाचा कच्चा माल आहे. माझं भांडण या हिशोबाशी आहे.

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. पण खाण्यासाठी पाळणाऱ्यांनीही त्याला कळपातच ठेवलं. आजही तिथल्या खेड्यांत स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांचं टोळकं फिरत असतं. हा प्राणी दिवसभर बोलतो. गुरगुरतो, कुईकुई करतो, खुशीत आला की जागच्या जागी उड्या मारतो. यातली बरीचशी भाषा दुसऱ्या गिनी पिगसाठी असते. आपण त्यातलं एकच वाक्य ओळखतो: फ्रिज उघडल्यावरची किंकाळी. ती कोथिंबिरीसाठी असते, आपल्यासाठी नाही.

‘पण आमचा तर एकटाच मजेत आहे, अगदी शांत असतो.’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ‘शांत’ या शब्दाचीच धास्ती वाटते. गिनी पिग हे शिकार होणारं जनावर आहे. दुखणं लपवणं आणि भीतीने गोठून बसणं हा त्याचा बचाव असतो. मांडीवर दगडासारखा बसलेला गिनी पिग तुमच्यावर प्रेम करत असेल किंवा घाबरलेला असेल. रीलमध्ये दोन्ही सारखंच गोंडस दिसतं.

मी कोड लिहून पोट भरतो. एखादा प्रोग्रॅम ज्याच्याशिवाय चालत नाही, त्याला आमच्याकडे डिपेन्डन्सी म्हणतात. ती न देता सॉफ्टवेअर ग्राहकाच्या गळ्यात मारलं तर दुसऱ्या दिवशी तक्रार येते. गिनी पिगला तक्रार नोंदवता येत नाही, म्हणून त्याची डिपेन्डन्सी आपण ‘ऑप्शनल’ ठरवून टाकली. स्वित्झर्लंडने ती कायद्यात लिहिली. 2008 पासून तिथे गिनी पिग एकटा ठेवता येत नाही, किमान दोन हवेत. ही बातमी आपल्याकडे ‘बघा, लोकांना काय कामं नसतात’ अशा सुरात फॉरवर्ड होते. मला तो कायदा साधा, शहाणा वाटतो.

आता दुसरी चूक. एकटेपणा पटला की माणसं उठून दुकानात जातात आणि पेटीतला कुठलाही एक उचलून आणतात. काही जण ससा आणतात, काही जण आरसा लावतात. आरशातून कुणी उत्तर देत नाही. सशाची भाषा वेगळी आणि लाथ जबर. शिवाय सशाला काहीही त्रास न देणारे बॉर्डेटेला नावाचे जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देऊ शकतात.

आणि कुठलाही गिनी पिगसुद्धा चालत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळपातल्या नरांना अनोळखी जागी ठेवून त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सोबत स्वतःची जोडीदार मादी असली की ते कमी वाढायचं. अनोळखी मादी सोबत असल्याने मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे सोबत ही संख्या नाही, ते नातं आहे. लग्नासाठी आपण पत्रिका, पगार, गोत्र, उंची सगळं पाहतो आणि याच्यासाठी ‘तो पांढरा-तपकिरी द्या’ म्हणून मोकळे होतो.

स्थळ पाहायचंच तर नीट पाहा. सगळ्यात सोपी जोडी म्हणजे मादी आणि नसबंदी केलेला नर. नसबंदीनंतरही काही आठवडे नर बाप होऊ शकतो, म्हणून साधारण सहा आठवडे थांबायचं. दोन माद्यांचंही बहुतेकदा जमतं. दोन नरांचं जमू शकतं, पण जागा मोठी हवी, आसपास मादी नको आणि दोघेही दादागिरी करणारे नकोत. मोठ्या नरासोबत लहान पिल्लू बऱ्याचदा रुळतं. वय आणि रंगापेक्षा स्वभाव महत्त्वाचा: एक पुढे पुढे करणारा असेल तर दुसरा नमतं घेणारा हवा.

नव्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, आजार असेल तर कळेल. मग दोघांनाही परकी असलेली मोकळी जागा निवडा. गवताचे दोन-तीन ढीग ठेवा, एकाच दाराचं घरटं ठेवू नका, म्हणजे कुणी कोंडीत सापडणार नाही. पाठलाग, हुंगणं, गुरगुरत कंबर हलवत फिरणं, अंगावर चढणं ही बोलणी आहेत. मध्ये पडू नका. दात कडकडायला लागले आणि मानेवरचे केस उभे राहिले तर सावध व्हा. रक्त निघालं तर वेगळं करा, पण मध्ये टॉवेल घाला, हात नको. आणि जमलं नाही तर नाही जमलं. नकार देण्याचा हक्क त्यांनाही आहे.

हा हक्क दुकानातल्या खरेदीत मिळत नाही, कारण विकलेला माल परत घेत नाहीत. शिवाय दुकानात नर-मादीची खात्रीही नसते. ऑफिसमधल्या एका मित्राला ‘दोन्ही माद्या’ म्हणून जोडी दिली गेली; दहा आठवड्यांनी घरात पाच जण होते. यात हसण्यासारखं काही नाही. नर पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की बाप होऊ शकतं. मादी व्याल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. आणि सात-आठ महिन्यांपर्यंत एकदाही न व्यालेली मादी त्यानंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर ओटीपोटाचं हाड पुरेसं उघडत नाही, बाळंतपणात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी अशा प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडून लिंग तपासून घ्या.

मग जोडीदार आणायचा कुठून? आपल्याच शहरातून. दर उन्हाळ्यात कुणाची तरी बदली होते, कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाचा घरमालक कटकट करतो, आणि ‘पिंजऱ्यासह देणे आहे’ असा मेसेज फिरतो. त्यातले बरेच असे एकेकटेच असतात. दोन एकटे जीव एकाच उपनगरात चार-चार वर्षं काढतात आणि आपण तिसरा विकत आणतो. सोसायटीचे, पाळीव प्राण्यांचे ग्रुप आहेतच. तिथे विचारा, भेट घडवा, जमलं तर घरी आणा. जोडीतला एक गेला की उरलेल्यासाठी पुन्हा हाच प्रश्न येतो. स्वित्झर्लंडमध्ये अशा वेळी सोबतीला गिनी पिग भाड्याने मिळतो. आपल्याकडे शेजारधर्माने उसना मिळायला काय हरकत आहे?

‘इथे माणसं एकटी राहतात, तुम्ही उंदरांचं काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न येणारच. वन बीएचकेत मीही एकटा राहतो. पण दाराची किल्ली माझ्याकडे आहे, फोन आहे, कंटाळा आला की कट्टा आहे. त्याच्या दाराची कडी बाहेरून आहे आणि ती आपण लावली आहे. दोघांना साधारण साडेसात चौरस फूट जागा पुरते, दोन नर असतील तर अजून थोडी. तेवढी जागा, तेवढं गवत आणि पुढची पाच-सात वर्षं देता येत नसतील तर आणूच नका. दुकानांनीही एकेकटा विकणं थांबवावं. ती स्वतःहून थांबवणार नाहीत, म्हणून सुरुवात गिऱ्हाइकाने करायची: एकटा विकत असतील तर रिकाम्या हाताने बाहेर पडायचं.