मोटार विजेची, रांग जुनीच!

२०२५ सालच्या १५ जुलै रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीने आपले भारतातील पहिले दालन उघडले. मुख्यमंत्री जातीने हजर होते, छायाचित्रकारांची गर्दी होती आणि सुमारे साठ लाख रुपयांपासून पुढे किंमत असलेली ‘मॉडेल वाय’ ही विजेची मोटार प्रकाशाच्या झोतात उभी होती. या थाटामाटात एका वर्गाची आठवण कोणालाच झाली नाही. ३१ मार्च २०१६ रोजी याच कंपनीने ‘मॉडेल ३’ ही स्वस्त मोटार जाहीर केली आणि एक हजार डॉलर अनामत भरणाऱ्याचे नाव यादीत घालण्याचे मान्य केले. भारतासाठीही यादी उघडी होती. पहिल्या आठवड्यात जगभरातून सव्वातीन लाख मागण्या नोंदल्या गेल्या, त्यांत आपल्याकडील उत्साही मंडळीही होती. ती मोटार त्यांच्या दारी आली नाही. नऊ वर्षे उलटल्यावर, २०२५ साली, यांतील काहींना कंपनीकडून निरोप आला तो मोटारीचा नव्हे, तर अनामत परत घेऊन जाण्याचा!

हे दुःख श्रीमंतांचे आहे, त्यावर पहिल्या पानाची शाई का खर्च करावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या वाहनांची रांग आता श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. २०२१ च्या जुलैत ओला कंपनीने आपल्या विजेच्या स्कूटरसाठी अवघे ४९९ रुपये घेऊन नावनोंदणी सुरू केली, तेव्हा एका दिवसात लाखभर लोकांनी नावे दिली. स्वातंत्र्यदिनी स्कूटर समारंभपूर्वक जाहीर झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस मिळू लागेल म्हणून सांगितलेली ती स्कूटर पहिल्या गिऱ्हाइकांच्या हाती पडली डिसेंबरच्या मध्यावर. पेट्रोलने शंभरी गाठली म्हणून जुनी स्कूटर विकून बसलेल्या कारकुनाला, किंवा बँकेचे कर्ज मंजूर करून घेऊन आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत भांडून वाहनतळावर वीजजोडणी मिळवलेल्या शिक्षकाला असे दोन महिनेही जड जातात. त्याची हौस नव्हे, त्याचे महिन्याचे अंदाजपत्रक या रांगेत अडकलेले असते.

रांगा आम्हाला नव्या नाहीत. १९५९ साली मोटारींच्या व १९६० साली स्कूटरच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण आणणारे हुकूम निघाले. किती वाहने तयार व्हावीत हे परवान्याने ठरे आणि ती कोणाला मिळावीत हे यादीने. मुलाच्या बारशाला नोंदवलेली स्कूटर त्याच्या मुंजीला मिळावी, अशी थट्टा घरोघर चाले. मिळालेली स्कूटर चढ्या भावाने विकण्याचे प्रकारही होत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तिने गिऱ्हाइकाला याचक केले आणि कारखानदाराला आळशी केले. तरी तिच्यात एक गोष्ट होती. अनामत रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात ठेवण्याची पद्धत होती. खाते गिऱ्हाइकाच्या नावाचे असे आणि ते केवळ तारण म्हणून अडकवले जाई. त्या काळच्या गिऱ्हाइकाला गाडी मिळत नसे, पण त्याचे पैसे त्याचेच राहत. आजच्या मुक्त बाजारात मात्र अनामत थेट विक्रेत्याच्या तिजोरीत जाते आणि गिऱ्हाइकाच्या हाती एक क्रमांक उरतो.

जुनी रांग टंचाईची होती, नवी रांग घाईची आहे. वस्तू तयार होण्यापूर्वी ती जाहीर करण्यात कंपन्यांना उघड लाभ आहे. मागण्यांचा आकडा वर्तमानपत्रांत झळकतो, भागधारक हुरळतात, प्रतिस्पर्ध्याकडे वळू पाहणारे गिऱ्हाईक थबकते आणि भांडवल उभे करणे सोपे जाते. ‘मॉडेल ३’ च्या मागण्यांचा डोंगर उभा राहिल्यावर दोनच महिन्यांत, मे २०१६ मध्ये, टेस्लाने नवे भाग विकून उत्पादनवाढीसाठी पैसा उभारला. हा काही गुन्हा नव्हे. पण मग एवढे तरी मान्य केले पाहिजे की, रांगेत उभा राहणारा माणूस केवळ गिऱ्हाईक राहत नाही, तो बिनव्याजी सावकार होतो. सावकाराला निदान परतफेडीची तारीख मिळते. याला तीही मिळत नाही.

उशीर सर्वच लबाडीचा असतो असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नमुन्याची एक मोटार बनवणे निराळे आणि आठवड्याला पाच हजार बनवणे निराळे. २०१७ च्या तिसऱ्या तिमाहीत टेस्लाने दीड हजार ‘मॉडेल ३’ तयार करण्याचे ठरवले होते, तयार झाल्या २६०. आठवड्याला पाच हजारांचे उद्दिष्ट त्या वर्षाच्या अखेरीस गाठायचे होते, ते गाठायला २०१८ चा जून संपला. माणसांऐवजी यंत्रमानवांवर अतोनात भिस्त ठेवली, ही चूक झाली, असे खुद्द कंपनीप्रमुख इलॉन मस्क यांनी त्या वर्षी कबूल केले. ही अडचण शिकण्याची होती आणि नवे शिकताना वेळ जाणारच.

दुसरी अडचण कारखान्याच्या भिंतीपलीकडची आहे. विजेच्या बहुतेक मोटारींच्या चाकाला गती देणारे यंत्र प्रबळ चुंबकांवर चालते. या चुंबकांना उष्णता सोसता यावी म्हणून डिस्प्रोझियम, टर्बियम यांसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये लागतात आणि अशा चुंबकांच्या उत्पादनावर चीनचे जवळजवळ एकछत्री राज्य आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि जगभरच्या कारखान्यांना घाम फुटला. त्याच जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोने, चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये विजेच्या स्कूटरचे उत्पादन थांबण्याची भीती उघडपणे बोलून दाखवली. बीजिंगमधील एका कचेरीत शिक्का उमटेना म्हणून आकुर्डीतले गिऱ्हाईक खोळंबते, अशी ही नव्या काळाची परावलंबनाची साखळी आहे. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाईट आहे, ते हाताळणारी सरकारी कंपनी १९५० सालापासून आहे, तरी चुंबक परदेशाहून यावे लागतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच! केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभारण्याचे ठरवले, हे योग्यच झाले. पण कारखाने मंजुरीच्या कागदावर उभे राहत नाहीत, त्याला वर्षे लागतात.

तेव्हा उशिराला सबब असू शकते. सबब नाही ती उशीर लपवण्याला. आणि एका गोष्टीला तर मुळीच नाही. जाहिरातीत झळकते ती सर्वांत स्वस्त किंमत, आणि कारखान्यातून आधी बाहेर पडते ती सर्वांत महाग गाडी! ‘मॉडेल ३’ जाहीर झाली ती ३५ हजार डॉलरांची म्हणून. २०१७ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकांना मिळालेल्या मोटारी ४४ हजारांच्या वरच्या होत्या. ३५ हजारांची मोटार विक्रीस आली २०१९ च्या फेब्रुवारीअखेर, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. रांग एकच दिसते, पण ज्याच्या खिशात अधिक त्याला पुढे जाण्याची चोरवाट तीत ठेवलेली असते. कमी किमतीवर विश्वासून आधी आलेला माणूस मागे राहतो.

आपल्याकडे महिंद्र कंपनीनेही महाग प्रकार आधी दिले, हे खरे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने आपल्या दोन विजेच्या मोटारींसाठी नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी तीस हजारांवर मागण्या आल्या. परंतु सर्वांत वरचा प्रकार मार्चपासून, सर्वांत खालचा ऑगस्टपासून, असे वेळापत्रक तिने आधीच जाहीर केले होते. गिऱ्हाइकाला थांबावे लागले, पण किती थांबावे लागेल हे सांगून. वाट पाहणे आणि वाट पाहायला लावणे यांतला फरक एवढाच असतो, आणि तो फार मोठा आहे.

या खेळात सरकारचा हातही स्वच्छ नाही. विजेच्या वाहनांना सवलत द्यायची आणि तिला तारखेची कात्री लावायची, ही त्याची रीत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात लवकर खरेदी करणाऱ्यांसाठी जादा सवलत होती, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२१ होती आणि पुढे ती ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवावी लागली. केंद्राच्या योजनेत विजेच्या दुचाकीला मिळणारे साहाय्य कमाल दहा हजार रुपयांचे होते, ते १ एप्रिल २०२५ पासून पाच हजारांवर आले. ज्याने फेब्रुवारीत पैसे भरले पण ज्याची स्कूटर कारखान्याच्या अडचणीमुळे एप्रिलमध्ये आली, त्याच्या पदरी निम्मेच दान पडले. चूक कारखान्याची, दंड गिऱ्हाइकाला! याहून शहाणा मार्ग अमेरिकेच्या करखात्याने दाखवला आहे. तेथील ७,५०० डॉलरांची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, परंतु त्या दिवसापर्यंत ज्याने लेखी व बंधनकारक करार करून काही रक्कम भरली, त्याला वाहन पुढे मिळाले तरी सवलतीचा हक्क राहिला. असा साधा नियम करण्यास दिल्लीला किंवा मंत्रालयाला कोणी अडवले आहे?

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. घरांच्या बाबतीत हीच कहाणी आपण पुरी भोगली. बिल्डरांनी पैसे घेतले, इमारती अर्ध्यावर सोडल्या आणि कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत म्हातारी झाली. शेवटी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला. लेखी कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा चुकला तर व्याजासह परतावा मागता येतो. सदनिकेच्या ताब्यासाठी माणसाला अनिश्चित काळ ताटकळत ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली बजावले. घराला जो न्याय, तो वाहनाला का नसावा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करार ही कल्पना मान्य केली आहे आणि बेसुमार अनामत मागणे हे त्याचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. त्याच कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले आहे. शस्त्र म्यानात आहे, ते उपसणारा हात हवा.

आमची मागणी अवास्तव नाही. वाहनाची अनामत मर्यादित असावी व ती वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात राहावी. प्रत्येक प्रकाराच्या वाहनाचे वेळापत्रक नोंदणीपूर्वी जाहीर व्हावे. पावतीवर वाहन देण्याची तारीख असावी, आणि ती उलटताच गिऱ्हाइकाला व्याजासह पैसे घेऊन बाहेर पडण्याचा हक्क मिळावा. सरकारी सवलत मागणी नोंदवल्याच्या दिवशी निश्चित व्हावी. गिऱ्हाइकांनीही एक पथ्य पाळावे. तीन ठिकाणी नावे घालून ठेवणे आणि मिळालेले वाहन अधिक दराने दुसऱ्याच्या गळ्यात मारणे, हे उद्योग रांग आणखी लांबवतात. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था या शहरात गिऱ्हाइकाच्या हक्कासाठी झगडत आल्या आहेत. हा प्रश्न त्यांनी हाती घ्यावा, अशी आमची त्यांना विनंती आहे.

यात केवळ काही हजार माणसांच्या अनामतीचा प्रश्न नाही. मुंबईच्या हिवाळ्यातील धुरकट सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विजेच्या वाहनांचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. पण हे परिवर्तन सरकारी भाषणांनी होणार नाही. ते जुने मोडून नव्यावर विश्वास टाकणाऱ्या पहिल्या माणसांच्या बळावर होणार आहे. अशा माणसाला महिनोन्महिने झुलवले की तो एक दिवस रांग सोडतो, शेजारच्या दुकानातून पेट्रोलची गाडी घेतो आणि पुढली दहा-पंधरा वर्षे ती चालवतो. एवढेच नव्हे, तर आपल्या चार नातलगांनाही तसाच सल्ला देतो. त्याचे पैसे परत करता येतील, त्याचा विश्वास परत आणता येणार नाही. म्हणून कारखानदारांना आमचे सांगणे एवढेच आहे की, मोटार उशिरा द्यायची असेल तर द्या, पण तारीख खरी द्या. आणि सरकारला सांगणे असे की, ती तारीख खोटी ठरली तर तिची किंमत गिऱ्हाइकाने नव्हे, देणाऱ्याने मोजावी, एवढी व्यवस्था करा.