ग्रंथ वाचतात ते वाचकांमुळे

ग्रंथ चांगला असला म्हणजे तो आपोआप टिकतो, हा समज मनातून काढून टाका. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कादंबरीकार झोरा नील हर्स्टन यांचेच उदाहरण घ्या.

त्यांची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. एक कृष्णवर्णीय स्त्री आपली जीवनकथा आपल्याच तोंडाने सांगते, हा तिचा विषय. रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकानेच तिच्यावर कठोर टीका केली. पुढे तिच्या प्रती मिळेनाशा झाल्या. १९६० साली हर्स्टन फ्लोरिडातील फोर्ट पिअर्स येथे निराधारांच्या आश्रयगृहात वारल्या. थडग्यावर नावाचा दगडदेखील नव्हता. त्यांचे कागद जाळले जात असता एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझविली, म्हणून ते वाचले!

१९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर यांनी ते थडगे शोधून त्यावर दगड बसविला आणि १९७५ साली त्याविषयी लेख लिहिला. अध्यापक कादंबरीच्या छायाप्रती वाटून ती शिकवीत राहिले, पुनर्मुद्रणाची मागणी करीत राहिले. अखेर १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ती पुन्हा छापली.

यातून आपण काय घ्यावयाचे? प्रकाशक मागणी पाहतो आणि मागणी वाचकालाच करावी लागते. म्हणून घरातील जुने अंक, पुस्तके, वाडवडिलांची हस्तलिखिते रद्दीत घालू नका. जे पुस्तक मिळत नाही, त्याचे नाव ग्रंथालयात व प्रकाशकाकडे लेखी कळवा. आपले लेखन आपणच जपले नाही, तर आपला इतिहास दुसरेच लिहितील.