गुरुजींना शेवटी बोलवा

लग्नाळू मुलामुलींच्या आयांकडे एक जबरदस्त टॅलेंट असतं. समोर ५०० बायोडेटा येऊ देत, त्या ५०० पत्रिका घेऊन गुरुजींकडे धावत नाहीत. आधी वय, मग शिक्षण, मग 'स्वतःचा फ्लॅट आहे का' वगैरे. यादी पाचावर आली की मगच गुरुजींना फोन. एका पत्रिकेचे १०० रुपये धरा, ५०० रुपयांत काम फत्ते! हेच उलट्या क्रमाने केलं तर बिल ५० हजारांचं, आणि त्यातल्या ४९५ जणांचे छत्तीसपैकी किती गुण जुळले ते कुणी विचारणारही नाही.

आता म्हणाल, हे लग्नपुराण आज कशाला? तर मंडळी, तुमच्या ऑफिसातला डेटाबेस दिवसभर नेमकं हेच गणित सोडवत असतो.

डेटाबेसला आपण फक्त 'काय हवं' ते सांगतो. 'कसं आणायचं' हे त्याचं तो बघतो. या विचाराचा पाया आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये घातला. मग १९७९ मध्ये तिथल्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कसं'चं उत्तर दिलं: वेगवेगळे मार्ग मांडायचे, प्रत्येकाचा अंदाजे खर्च काढायचा आणि सगळ्यात स्वस्त तो निवडायचा. हे काम करणाऱ्या भागाला क्वेरी प्लॅनर म्हणतात. चांगला प्लॅनर म्हणजे पक्का आळशी माणूस. जे काम टाळता येतं ते टाळणार आणि जे टळत नाही ते शेवटपर्यंत ढकलणार.

माझी रूममेट डेटा ॲनालिस्ट आहे. गेल्या वर्षी तिच्या टीमचा एक रिपोर्ट रोज संध्याकाळी लटकायचा. सगळ्यात जास्त खरेदी करणारे २० ग्राहक आणि प्रत्येकाच्या जुन्या तक्रारींचा सारांश, एवढंच त्यात हवं होतं. सारांश काढणारं फंक्शन महाग, म्हणजे आपले गुरुजी. ग्राहक काही लाख. रिपोर्ट निघेपर्यंत ती ऑफिसात अडकलेली आणि इथे आमचा डबा गार. वरून बॉसचं म्हणणं, 'तुला क्वेरी लिहिता येत नाही.' मोठा सर्व्हर घ्यायचा प्रस्तावही तयार झाला होता.

गंमत म्हणजे ते वापरत होते तो पोस्टग्रेस डेटाबेस असल्या बाबतीत हुशार आहे. २०१६ मध्ये आलेल्या ९.६ आवृत्तीपासून तो 'आधी क्रम लावा, वरचे २० उचला, महागडी फंक्शन्स त्यानंतर चालवा' असं स्वतःहून ठरवू शकतो. मग इथे घोडं अडलं कुठे?

अडलं एका शब्दावर. कुणीतरी कधीकाळी 'असू दे सेफ्टीला' म्हणून क्वेरीत 'डिस्टिंक्ट' टाकून ठेवलं होतं. डिस्टिंक्ट म्हणजे सारख्या ओळी गाळा. पण दोन ओळी सारख्या आहेत की नाहीत हे ठरवायला त्यातला प्रत्येक कॉलम भरलेला लागतो, सारांशाचासुद्धा. म्हणजे सगळ्या लाखो ग्राहकांच्या पत्रिका आधी जुळवा! प्लॅनर बिचारा काय करणार? खरं तर ओळीत ग्राहक क्रमांक होता आणि एका ग्राहकाची एकच ओळ, तेव्हा डुप्लिकेटचा प्रश्नच नव्हता. हे तिला 'एक्सप्लेन' लावून प्लॅन वाचल्यावर दिसलं. तिने तो शब्द काढला आणि फंक्शन फक्त २० वेळा चाललं. सर्व्हरचा प्रस्ताव बारगळला, आणि ती आता जेवणाच्या वेळेला घरी असते. माझ्या मते हीच मोठी बातमी!

प्लॅनर अशी बरीच कामं गुपचूप टाळतो. आतल्या सबक्वेरीत तुम्ही दहा कॉलम काढलेत आणि बाहेर दोनच वापरलेत, तर पोस्टग्रेस उरलेल्यांची आकडेमोड सोडून देऊ शकतो. पण तिथेही अट आहे: डिस्टिंक्ट नको, आणि दर वेळी नवं उत्तर देणारी, म्हणजे रँडम आकडा किंवा पुढचा पावती नंबर काढणारी फंक्शन्स नकोत. ती गाळली तर क्वेरीचा परिणामच बदलू शकतो, आणि चुकीचा परिणाम पटकन मिळून काय उपयोग?

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे डेटा ओळीऐवजी कॉलमनुसार साठवणं. म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याची जाडजूड फाइल उघडण्यापेक्षा सगळ्यांच्या पगाराचं एकच रजिस्टर. सरासरी पगार हवाय? बाकीच्या कपाटांना हात लावू नका. ॲमस्टरडॅमचा मोनेटडीबी, अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला २००५ चा सी-स्टोअर, २०१३ मध्ये आलेला पार्के फाइल फॉरमॅट, सगळे याच वाटेवरचे.

आणि इथे थेट पैशांचा मामला येतो. गूगलच्या बिगक्वेरीत वापरानुसार पैसे भरायचे असतील, तर क्वेरीने किती डेटा वाचला त्यावर बिल लागतं. तिथे 'सिलेक्ट स्टार' म्हणजे हॉटेलात अख्खं मेनूकार्ड ऑर्डर करणं. शेवटी 'लिमिट १०' लिहिलं की वाचलो, असं अनेकांना वाटतं. साध्या टेबलवर त्याने बिल कमी होत नाही. ताटात दहाच घास आले तरी स्वयंपाक पूर्ण झालेला असतो!

तेव्हा उद्या ऑफिसात तीन गोष्टी करून बघा. हवे तेवढेच कॉलम नाव घेऊन मागा. डिस्टिंक्ट दिसलं की 'तू इथे कशाला?' असं विचारा. आणि मोठ्या सर्व्हरचा मेल टाकण्याआधी एकदा प्लॅन वाचा. वाचायला पाच मिनिटं लागतात, मेलला मंजुरी यायला तीन महिने!