प्रमाणपत्रवाले साहेब

माझ्या केबिनच्या भिंतीवर दोन प्रमाणपत्रं आहेत. एक 'लीडरशिप'चं, दुसरं 'पीपल स्किल्स'चं. दोन्ही दोन-दोन दिवसांत मिळाली. हॉटेलचा थंडगार हॉल, दुपारी तांबडा-पांढरा, आणि मध्ये एक खेळ: डोळ्यांना पट्टी बांधून मागे पडायचं, सोबत्यानं झेलायचं. म्हणे विश्वास वाढतो. वाढला असेलही, पण मला झेलणारा दुसऱ्याच कंपनीतला मॅनेजर होता!

दुसरं प्रमाणपत्र मिळाल्यावर महिन्याभरातली गोष्ट. आमच्या फाउंड्रीत मोल्डिंगवरचा एक पोरगा तीन दिवस न सांगता गैरहजर राहिला. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला सगळ्या पाळीसमोर झाडलं. कारण विचारलं नाही. आई दवाखान्यात होती, हे नंतर कळलं. पोरगा काही बोलला नाही, पगार झाल्यावर मात्र परत आला नाही. जुने मोल्डर मामा तेवढं म्हणाले, "सायेब, रागवायचं हुतं तर रागवायचं, पर चारचौघांत नको हुतं." प्रमाणपत्र भिंतीवरच होतं.

तर मुद्दा असा, की शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, आपली पद्धत एकच. जो उत्तम मोल्डर किंवा टर्नर, त्याला सुपरवायझर करायचं. म्हणजे एक चांगला कारागीर जातो आणि एक घाबरलेला साहेब तयार होतो. मग त्याला हॉटेलात पाठवायचं. खर्च दाखवता येतो, फोटो निघतो, आणि मालकाला स्वतःला काही बदलावं लागत नाही. माझा राग आहे तो यावर.

काहीजण म्हणतील, माणसं सांभाळणं उपजतच असतं, शिकवून येत नाही. हे मला साफ अमान्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या फोरमन लोकांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम झाला. त्यातला माणसांशी वागण्याचा भाग फक्त दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. कामगाराला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, चांगलं केलं की तेव्हाच म्हणा, त्याच्यावर परिणाम करणारा बदल आधी कळवा, त्याच्या अंगच्या गुणाचा उपयोग करा. आणि तक्रार आली तर आधी हकिकत गोळा करा, मग निर्णय घ्या, मग कृती, आणि नंतर परिणाम तपासा. प्रत्येकानं आपल्याच खात्यातलं खरं प्रकरण मांडायचं, असा नियम. युद्धानंतर जपाननं हे उचललं. यातली पहिली पायरी पाळली असती तर आमचा पोरगा आज कामावर असता.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांना हौदाच्या पाण्यावरून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं, पण 'अस्पृश्या'च्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. महाराजांनी व्याख्यान दिलं नाही. गाडी हॉटेलासमोर थांबवली, चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. वरच्यानं आधी करून दाखवलं, की खालच्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून म्हणतो, हॉटेलचे हॉल बंद करा. नव्या सुपरवायझरला आठवड्यातून दोन तास शॉपवरच बसवा, त्याच्याच पाळीतली भांडणं समोर ठेवा. एकाकडे झेपतील एवढीच माणसं द्या. कोणाच्या हाताखालून किती जण सोडून गेले, तेही टनांच्या हिशेबाशेजारी लिहा. आणि मालकांनी पहिल्या बैठकीला स्वतः यावं, मागच्या बाकावर बसून ऐकावं.

"उत्पादनाच्या गडबडीत वेळ कुठाय?" हा प्रश्न येणारच. नवा मोल्डर तयार व्हायला किती महिने लागतात, ते एकदा मोजा. पोराला बाजूला घेऊन "काय झालं रे?" विचारायला मला दोन मिनिटं पुरली असती.

असो. परवा दोन्ही प्रमाणपत्रं भिंतीवरून काढली. मामांनी खिळ्यांकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. मीच सांगितलं.