कसाला लागते ते सत्य

फलप्रामाण्यवादावरचा ठपका शंभर वर्षांहून जुना आहे आणि अजून बिनदिक्कत खपतो. अमेरिकी व्यापारी वृत्तीने सत्यालाही बाजारभाव लावला, उपयोगी पडेल ते खरे नि पचेल ते नैतिक ठरवले, असा तो ठपका. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचे याच वादाच्या नावाचे पुस्तक, ‘प्रॅग्मॅटिझम’, १९०७ साली निघाले. कोणत्याही कल्पनेचे अनुभवात ‘रोख मूल्य’ काय, असे त्यात विचारले होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जी. ई. मूर आणि बर्ट्रांड रसेल लगोलग त्याच्यावर तुटून पडले. जेम्सची लेखणी सैल होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण चार सैल वाक्ये पकडून अख्खा विचार निकालात काढता येत नाही.

रसेलचा सर्वांत गाजलेला टोला सांताक्लॉजचा. सांताक्लॉजवरची श्रद्धा सर्वार्थाने समाधानकारक ठरत असेल, तर जेम्सच्या न्यायाने सांताक्लॉज आहे असेच म्हणावे लागेल! टोला झकास आहे, पण तो भलत्याच ठिकाणी बसतो. जेम्सनेच दिलेले एक उदाहरण पाहा. रानात चुकलेल्या भुकेल्या माणसाला गुरांच्या वाटेसारखी एक पायवाट दिसते. तिच्या टोकाला घर असेल, या विचाराने तो चालू लागतो आणि वाचतो. विचार उपयोगी पडला, कारण टोकाला खरोखर घर होते. तिथे नुसता कडा असता, तर त्या विचाराने कितीही धीर दिला असता तरी माणूस उपाशीच मेला असता. सांताक्लॉजवरची श्रद्धाही मूल एक रात्र जागे राहीपर्यंतच टिकते; मोजे कोण भरतो, हे त्याला त्या रात्री दिसते. म्हणजे श्रद्धेमुळे मनाला काय वाटते, हा फलप्रामाण्यवाद्याचा प्रश्नच नाही. ती श्रद्धा धरून चालू लागल्यावर जगात काय आढळते, हे तो विचारतो. आपण वस्तुस्थिती गृहीतच धरली आहे, असा खुलासा १९०९ च्या ‘द मीनिंग ऑफ ट्रुथ’मध्ये जेम्सने केला होता. टीकाकारांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्य तपासण्यावर अवलंबून असेल, तर कुणी तपासलेच नाही त्या गोष्टीचे काय? या पंथाचा आद्य पुरुष चार्ल्स सँडर्स पर्स १८७८ मध्येच या पेचात अडकला होता. हिरा कठीण आहे म्हणजे काय, तर इतर बहुतेक वस्तूंनी घासला तरी त्यावर ओरखडा उठत नाही, असे त्याने सांगितले. मग मऊ कापसाच्या पोटातच तयार झालेला आणि कुणी हात लावण्याआधीच तिथे जळून गेलेला हिरा कठीण होता का? त्याला कठीण म्हणा की मऊ, तो केवळ बोलण्याच्या सोयीचा भाग, असे उत्तर त्याने तेव्हा दिले. १९०५ मध्ये त्याने स्वतःच ते मागे घेतले. तो हिरा घासला असता तर ओरखडा उठला नसता, ही वस्तुस्थितीच आहे. कुणी घासो वा न घासो. सत्य माणसाच्या मर्जीवर सोपवणाऱ्याला अशी दुरुस्ती करण्याची गरजच पडली नसती.

तिसरा आक्षेप नीतीचा. परिणामच पाहायचे, तर यशस्वी जुलमी माणूसही नीतिमान ठरणार ना? याच पंथाच्या जॉन ड्यूईने याला दिलेले उत्तर मला बिनतोड वाटते. १९३९ च्या ‘थिअरी ऑफ व्हॅल्युएशन’मध्ये त्याने चार्ल्स लॅमची भाजलेल्या डुकराची गोष्ट घेतली आहे. घर जळाले, आतली डुकरे भाजली, ती चाखल्यावर लोकांना चव लागली. मग डुक्कर भाजायचे झाले की ते घरच पेटवू लागले. हा वेडेपणा का? साध्याची किंमत साधनांपासून तोडून ठरवली म्हणून. जळलेले घर हाही परिणामच आहे, पण तो हिशेबात धरलेला नाही. जुलमी माणसाचे यश असेच अर्ध्या हिशेबावर उभे असते. साध्य कितीही थोर असो, साधनांचा जाब द्यावाच लागेल, ही शिस्त ‘काहीही चालते’ म्हणणाऱ्यांना परवडणारी नाही.

या विचाराचे सामर्थ्य कुठे दिसले, तर ड्यूईच्या एका विद्यार्थ्याच्या हातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्याने १९३६ साली त्यांनी स्वतः छापलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ पाहा. त्यात त्यांनी ड्यूईचे ऋण नोंदवले आहे आणि ड्यूईच्याच नीतिविचारातला नियम व तत्त्व हा भेद शास्त्रांना लावला आहे. नियम काय करायचे ते सांगतो, तत्त्व कसे पारखायचे ते. नुसते नियम पाळणाऱ्याला जबाबदारीच उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आज्ञा म्हणून पाळलेल्या जातिधर्माला त्यांनी परिणामांपुढे उभे केले: माणसाला कसबाची निवड राहते का, एका गटाचे दुःख दुसऱ्यापर्यंत पोचते का? सनातन सत्याच्या भाषेत ज्या प्रथेला हात लावता येत नव्हता, ती अशी तपासणीखाली आली.

उरला एक खरा प्रश्न. परिणाम चांगले की वाईट, हे मोजायचे माप कुठून आणायचे? आकाशातून उतरलेले माप फलप्रामाण्यवाद्याकडे नाही. पण ते इतरांकडे तरी कुठे आहे? ज्यांनी तसा दावा केला, त्यांची मापे त्यांच्याच काळाची आणि बहुधा त्यांच्याच वर्गाची निघाली. फलप्रामाण्यवादी माप वापरता वापरता दुरुस्त करतो, आणि ज्यांना परिणाम भोगावे लागतात त्यांची साक्ष त्यासाठी घेतो. म्हणूनच ड्यूईला लोकशाही हा चौकशीचाच भाग वाटत होता. ही साक्ष नको असणाऱ्यांनी आपले सत्य कशावर उभे आहे, ते सांगावे. पुराव्याचा भार आता त्यांच्यावर आहे.